घरटी एक खिडकी

दळण घेऊन परतताना राजाबाईची नजर चौकातल्या कडुलिंबाकडे गेली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लिंबाच्या दोन जाड फांद्यांना सुतळीनं आवळून एक नवा कोरा फ्लेक्स लटकवला होता. वर निळं आभाळ, खाली बर्फाचं टोकदार शिखर आणि त्या शिखराला जवळजवळ टेकलेलं विमान. तेही लढाईतलं, पंखांखाली बॉम्ब लावलेलं. मधोमध राजाबाईचा नवरा सूर्यभान, गुलाबी फेट्यात. हा फोटो पुतणीच्या लग्नातला होता आणि त्यात आपण शेजारी उभ्या होतो हे राजाबाईला पक्कं आठवत होतं. फ्लेक्सवर तिच्या जागी ढग आला होता. नीट पाहिलं तर सूर्यभानच्या दंडाला तिच्या हिरव्या पदराचा एक तुकडा अजून चिकटलेला होता. कापणाऱ्याकडून तेवढा काही निघाला नव्हता.

राजाबाई चौथीपर्यंत शिकलेली. डोक्यावर दळणाचा डबा तसाच धरून ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. "एव्हरेस्ट शिखराला गगनातून गवसणी घालणारे वस्तीतील पहिले सुपुत्र, आमचे प्रेरणास्थान मा. श्री. सूर्यभान आबा यांचे हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुक म्हणून तिचा मुलगा अजिनाथ, कानाला फोन लावून. त्याच्या खाली काळे गॉगल घातलेली अठरा पोरं. त्यातल्या निम्म्यांची नाकं राजाबाईनं लहानपणी आपल्या पदराला पुसली होती.

गवसणी घालणारे म्हणे. अजून कुणी गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. विमानात बसायचं की नाही हेही घरात ठरलेलं नव्हतं. म्हणजे राजाबाई तरी तसंच समजत होती.

पंधरा दिवसांपूर्वी फुलंब्रीचा कडुबा घरी आला, तिथून हे सगळं सुरू झालं. कडुबा दरवर्षी माणसं गोळा करून काशी आणि नेपाळ करून आणतो. यंदा सोळा घरची बत्तीस माणसं होती, नवरा-बायकोच्या जोड्या. चहा पिता पिता कडुबानं सांगितलं की काठमांडूहून एक बारकं विमान उडतं. ते कुठं उतरत नाही. तासभर बर्फाच्या डोंगरांवरून फिरवून आणतं आणि निघालं तिथंच आणून सोडतं.

"पन त्यात सोळाच खिडक्या हायती," कडुबा म्हणाला. "आन् आपली घरं बी सोळा. म्हून मी ठरवलंय, घरटी एक. तुमच्या घरातलं कोन जानार ते सांगा. आधी इचार करा, नंतर मला शिव्या देऊ नका."

विचार करायला घरातले सगळे तयारच होते. सून अंबिकानं फोन काढला आणि जाऊन आलेल्यांनी काय काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यानं लिहिलं होतं, काचेवर इतके ओरखडे होते की डोंगर कुठला आणि ओरखडा कुठला कळेना. तिसऱ्याच्या वेळी नुसते ढग होते, पैसेही परत मिळाले नव्हते. अजिनाथचं म्हणणं, एवढ्या पैशात चौकात बाकडी टाकली तर वस्तीत नाव तरी होईल. त्याला यंदा वॉर्डातून उभं राहायचं होतं, त्यामुळे तो प्रत्येक गोष्ट बाकड्यांत मोजायचा.

सूर्यभान तर ऐकूनच घेत नव्हता. "उतरत बी नाय म्हने! जायाचं, वरल्या वर फिरायचं आन् माघारी यायचं. ह्याला काय परवास म्हन्त्यात? डोंगरच बघायचे तर दौलताबादला जा. बरफ पायजे तर रसवंतीवर मिळतंय. समदा येडेपना हाय."

हे तो दिवसातून चारदा बोलायचा. दर वेळी आवाज थोडा चढवून.

राजाबाई भाकरी थापत ऐकत होती. अंबिकाच्या फोनवर तिनं ते डोंगर पाहिले होते. दोन कड्यांच्या मधून बर्फ खाली उतरत आलेला आणि उतरता उतरता थबकलेला. तिचा बाप धनगर. दिवाळीनंतर त्याची मेंढरं म्हैसमाळच्या उतारावरून अशीच खाली यायची, पांढरीधोप, एकमेकींना खेटून. लहानगी राजाबाई पुढच्या टेकाडावर चढून बघत बसायची. बाप गेला, मेंढरं गेली. आता फोनवर तो बर्फ पाहिला आणि तिला तीच मेंढरं दिसली. मरायच्या आधी हे एकदा वरून बघायचं, एवढंच तिच्या मनात आलं आणि मग ते जाईना.

शिवाय विमानाचं म्हणाल तर या घरात विमान तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं. चिकलठाण्याच्या विमानतळावर तिनं एकतीस वर्षं धावपट्टीकडेचं गवत कापलं होतं. नारिंगी जाकीट घालायचं, हातात विळा, आठ बाया एका रांगेत. विमान यायचं झालं की मुकादम शिट्टी मारायचा. बायांनी पांढऱ्या रेघेच्या मागं जायचं, डोक्याचा रुमाल घट्ट धरायचा, पाठ फिरवून खाली बसायचं. विमान अंगावरून गेल्यासारखं जायचं, पाठीवर खडे उडायचे. दुसरी शिट्टी झाली की उठायचं. एकतीस वर्षांत किती विमानं तिच्या पाठीमागून गेली असतील याला हिशेब नाही. पुढे गवत कापायचं यंत्र आलं आणि बाया घरी बसल्या.

म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकता टाकता सांगितलं, "सकाळचं पैलं इमान पकडा. धा वाजले की ढग चढत्यात. आन् पंखाच्या जवळची खिडकी घेऊ नका, खालचं कायबी दिसत नाय."

कुणी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र अजिनाथ फोनवर कडुबाला सांगत होता, "काका, आपल्याला सकाळची पहिलीच फ्लाइट पाहिजे. दहानंतर ढग येतात, मला माहितीये. आणि पंखावरची सीट नको." राजाबाई दारातच उभी होती. पोराला जराही लाज वाटली नाही.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना तिनं सरळ सांगून टाकलं, "मी जाते इमानात."

आधी अंबिका हसली, मग अजिनाथ हसला, मग सूर्यभानला हसताना ठसका लागला. "तू? अगं, वर गेल्यावर बोंबलशील, इमान फिरवा म्हून. तू आपली खाली बॅगा सांभाळत बस."

कुणी तिला नको म्हटलं नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. नको म्हणायलासुद्धा माणसाचं बोलणं आधी खरं मानावं लागतं.

आणि आज हा फ्लेक्स.

ती घरी पोचली तेव्हा सूर्यभान ओसरीवर आरसा टेकवून मिशीला काळं लावत बसला होता. संध्याकाळी पाच वाजता चौकात सत्कार होता. शाल, नारळ, आणि कडुबा येऊन सगळ्यांसमोर विमानाची यादी वाचणार होता. हेही राजाबाईला आत्ताच कळत होतं.

तिनं डबा आपटलाच. "इमान येडेपना हाय म्हनत व्हता ना?"

"ते आधी." सूर्यभान आरशातून नजर न काढता म्हणाला. "आता समदा वार्ड बघायलाय. सकाळपासून चार जनांनी हार घातले. चहाचे पैसे घेईना कुनी. आयुष्यात एकदा मानसानं बरफ बघाया पायजे, लई मोठी गोष्ट हाय ती."

"रसवंतीवर मिळतंय की."

"तुझ्या तोंडाला लगाम नाय!"

राजाबाई त्याच्यासमोर बसली. आवाज खाली आणला, कारण आत अंबिका होती आणि चाळीस वर्षांची सवय जाता जात नाही. "अवो, तुमाला चक्कर येती. पान्याच्या टाकीची शिडी चढवत नाय तुमाला. मांगच्या साली गच्चीवर पापड वाळत घालाया गेलते, तवा तुमी जिन्यातूनच माघारी फिरलात. इमानात काय करताल?"

सूर्यभानच्या हातातला ब्रश थांबला. मिशी एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला पांढरी. "डोळे मिटून घीन," तो हळूच म्हणाला. "तासाभराचा तर परश्न हाय."

राजाबाईला वाटलं, आता आपण किंचाळणार. सोळा खिडक्यांतली एक हा माणूस डोळे मिटून वाया घालवणार. आणि आपण बाहेर पंधरा बायकांसोबत बॅगांवर बसून राहणार, रुमाल धरून, पाठ फिरवून.

"अन् परत आल्यावर काय दिसलं म्हून सांगताल?"

"तू हायेस की," सूर्यभान म्हणाला. "तुला फोनवर समदं ठावं झालंय. तू सांगशील, मी लोकास्नी सांगंन."

हे तो अगदी साधेपणानं बोलला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही आणि का वाटावं? त्यांचा संसारच या रीतीनं उभा राहिला होता. लग्न होऊन महिना झाला असेल. घरी चाळीस शेरडं. त्यांच्या लोकांत झाडाचा पाला पाडायचं काम गड्याचं. गडी कोयता घेऊन बाभळीवर, पिंपळावर चढतो, डहाळ्या तोडून टाकतो; बाई खाली गोळा करते. सूर्यभान बाभळीवर माणूसभर उंच चढला आणि खोडाला मिठी मारून डोळे गच्च मिटून बसला. ना वर जाईना ना खाली येईना. सोळा वर्षांच्या राजाबाईनं त्याला पाय धरधरून उतरवलं, त्याच्या हातातला कोयता घेतला, कासोटा खोचला आणि सरसर वर गेली.

तेव्हापासून पाला तिनं पाडला. पहाटे, वस्ती उठायच्या आत. उजाडलं की कोयता सूर्यभानच्या खांद्यावर आणि भारा तिच्या डोक्यावर. लोक म्हणायचे, सूर्यभानसारखा झाडावर चढणारा गडी पंचक्रोशीत नाही. नव्या नवरीला त्याचं कौतुकच वाटायचं. आपल्या माणसाचं उणं आपण झाकलं, या आनंदात तिच्या तळहाताला गेलेले काटेसुद्धा तिला टोचले नाहीत. पाच वर्षांपूर्वी शेरडं विकली तोवर हे चाललं. आता त्या सगळ्या काट्यांची एकदम आठवण आली.

तेवढ्यात अजिनाथ आला, पांढरा शर्ट, खिशाला पेन. राजाबाई त्याच्याकडे वळली. "फोटूत मला का कापलं रं?"

"माय, तसं नसतं ते. फ्लेक्सवर बॅलन्स बघावा लागतो."

"अन् इमानात कोन जानार, हे मला कुनी इचारलं?"

"आता झालं की! फ्लेक्स लागला, आता कुठं बदलता येतंय? लोक हसतील. माझं पक्षाचं तिकीट जाईल." मग आईचा चेहरा बघून त्यानं समजूत घातली, "तुझा फोटो टाकू की पुढच्या फ्लेक्सवर. संक्रांतीला हळदीकुंकू ठेवू, त्याच्यावर तुझाच मोठा टाकू. बस?"

राजाबाई आत गेली. कोपऱ्यात, पोत्याखाली, फडक्यात गुंडाळून ठेवलेला कोयता काढला. शेरडं विकली तरी तो तिनं विकू दिला नव्हता. अंगठ्यानं धार पाहिली. गंज धरला होता, पण सुतळीपुरता चालला असता.

पाचाला चौक भरला. खुर्च्या, माईक, गाणी. सूर्यभान पुढच्या रांगेत, दोन्हीकडून काळ्या मिशीत. गॉगलवाली पोरं स्वतःच्याच चेहऱ्यांखाली उभी राहून फोटो काढून घेत होती. कडुबा मांडीवर वही घेऊन बसला होता. अजिनाथ माईकवर बोलत होता की आपल्या वडिलांनी आयुष्यभर उंचीचं स्वप्न पाहिलं.

राजाबाई मंडपात आली नाही. ती लिंबाच्या मागच्या बाजूनं आली. चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या. लुगड्याचा कासोटा घट्ट केला, कोयता पाठीमागे कमरेला खोचला. खोडावर गेल्या दहा वर्षांतल्या वाढदिवसांच्या आणि निवडींच्या फ्लेक्सचे खिळे होते. तिनं त्यांच्यावरच पाय दिले.

अठ्ठावन्न वर्षांचं शरीर पहिल्या फांदीपर्यंत कुरकुरलं. मग हातांना सगळं आठवलं. भार कुठं द्यायचा, कुठली फांदी पोकळ, पदर कुठं अडकेल. ती दुसऱ्या फांदीवर पोचली तेव्हा कडेचा रिक्षावाला ओरडला, "अरे देखो, चाची ऊपर चढ गई!"

सगळ्यांच्या माना वर झाल्या. अजिनाथचा आवाज माईकमध्येच अडकला. "माय! माय, खाली ये! पडशील!"

"चाळीस वर्सांत पडले नाय, आज कशी पडंन?" राजाबाई फांदीवर मांड घालून बसली. तिला माईक लागत नव्हता.

सूर्यभान खुर्चीवरून उठून धावत झाडाखाली आला. "अगं उतर! लोक बघायलेत!"

"बघू द्या. म्हून तर दिवसाउजेडी चढले."

तो तिच्याकडे बघायला म्हणून मान मागं टाकून वर पाहू लागला आणि त्याला गरगरलं. त्यानं दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारली, डोळे गच्च मिटले. फेटा घसरून कानावर आला. सगळा चौक बघत होता. वस्तीतली सगळ्यात म्हातारी दगडाबाई पुढच्या खुर्चीवर होती. तिनं एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं.

"सूर्यभाना," ती म्हणाली, "तवा बाभळीचा पाला कोन पाडीत व्हतं रं?"

माईक चालूच होता, त्यात नुसती खरखर येत होती.

राजाबाईनं ठरवलं होतं की हे उत्तर आपण वरून सगळ्या चौकाला ऐकवायचं. शब्द जिभेवर होते. पण तिनं कोयता हातात घेतला आणि थांबली. चाळीस वर्षं तिनं याच्या वतीनं सगळं केलं होतं, आता हे तरी त्यानं आपल्या तोंडानं सांगावं, असं तिला वाटलं.

"ही," सूर्यभान म्हणाला. डोळे मिटलेलेच. "हीच पाडत व्हती. मी खाली गोळा करत व्हतो."

"आबा, गप बसा ना!" अजिनाथ कळवळला.

राजाबाईनं एक सुतळी तोडली. फ्लेक्सचा एक कोपरा लोंबला, अठरा गॉगल तिरके झाले. दुसरी तोडली, तिसरी तोडली. मग अख्खा फ्लेक्स फडफडत खाली आला, शिखर आणि बॉम्बवाल्या विमानासकट, आणि सूर्यभानच्या पायाशी धुळीत पडला. मातीचा लोट उठला. गॉगलवाली पोरं मागं सरली.

"गोळा करा," राजाबाई वरून म्हणाली. "रोजच्यावानी."

सूर्यभाननं खोड सोडलं. डोळे उघडून फक्त जमिनीकडे पाहत तो खाली वाकला आणि फ्लेक्सची घडी घालू लागला. दंडाला चिकटलेला हिरवा तुकडा वर आला, तेव्हा त्याचा हात तिथं जरासा थांबला.

कडुबानं घसा खाकरला. वही उघडी, पेन तयार. आता कुणाला विचारावं हे त्याला कळेना. त्यानं अजिनाथकडे पाहिलं, मग सूर्यभानकडे, आणि शेवटी नाइलाजानं मान वर केली. "वयनी, मंग काय लिवू?"

या पंधरा दिवसांत तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. त्यासाठी तिला एवढं उंच चढावं लागलं होतं, आणि त्याचाच राग तिला सगळ्यात जास्त आला. विमानाचा आवाज तेवढ्यात आला. संध्याकाळचं विमान चिकलठाण्यावर उतरत होतं. राजाबाई ना वळली, ना तिनं डोकं झाकलं. तोंडासमोरून जाऊ दिलं, खिडक्यांसकट.

आवाज विरल्यावर ती बोलली, "राजाबाई लिव. आन् पैलंच इमान सांग. धा वाजता ढग येत्यात."

कडुबा लिहू लागला. सूर्यभान घडी घातलेला फ्लेक्स काखेत धरून झाडाखाली उभा होता.

"आन् ह्यांचं नाव बॅगावाल्यांत घाल," ती म्हणाली, आणि उतरायला पहिला खिळा शोधू लागली.